ठिगळ कुठल्या कानाला?

माझ्या जाऊबाईंचा हात चुकत नाही. हे मी कौतुकानं नाही, वैतागून सांगतेय. वीस वर्षं आम्ही दोघी एकाच खोलीत काम करतो. मी कापते, त्या शिवतात. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, आणि एका दुकानासाठी कापडी खेळणी. माझी कात्री सूतभर सरकली तरी त्यांच्या बोटांना कळतं. मग त्या काही बोलत नाहीत, नुसता तुकडा माझ्या टेबलावर परत आणून ठेवतात. त्यापेक्षा चार शिव्या दिलेल्या परवडल्या.

मोठे दीर गेले तेव्हा बिट्टी, त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजात होती. शिकली, दुसऱ्या शहरात गेली आणि तिथलीच झाली. तिथे ती आणि तिचा एक भागीदार मिळून व्हिडिओ गेम बनवतात. दोनच माणसं, एक खोली, दोन कॉम्प्युटर. जाऊबाई विचारायच्या, "बिट्टी, कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी आहे आई, कामात आहे, नंतर करते." हा नंतर कधी आला नाही. जाऊबाई फोन उलटा ठेवायच्या आणि मशीनवर बसायच्या. मी बिट्टीला सरळ झापलं असतं, पण जाऊबाईंनी मला शपथ घातली होती.

मग एक दिवस तिचाच फोन आला. त्यांचा गेम लोकांना आवडला होता. त्यातल्या प्राण्याचं, गुब्बूचं, कापडी खेळणं करून एका मोठ्या प्रदर्शनात विकायचं ठरलं होतं. दोनशे नग. "आई, तू करशील? मी भागीदाराला सांगितलंय, माझ्या आईसारखं कुणी शिवत नाही." जाऊबाई हो म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

गुब्बू म्हणजे ना ससा ना उंदीर. गोल पोट, लांब कान आणि एका कानाला निळं ठिगळ. गंमत अशी की गेममध्ये तो फक्त बाजूने दिसतो. त्याची पाठ कुणी काढलेलीच नव्हती. जाऊबाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, "ह्याची पाठ कशी आहे?" पलीकडे दोघंही एकमेकांनाच विचारायला लागले.

मग भागीदाराचे निरोप सुरू झाले. "अजून थोडा उदास हवा, पण आनंदी उदास." जाऊबाईंनी टेप हातात घेऊन विचारलं, "किती सेंटिमीटर उदास?" पुढचा निरोप आला, फील येत नाहीये. मी म्हटलं, फील मीटरवर मिळतो की किलोवर ते विचारा, म्हणजे आणून ठेवते. बिट्टी फोनवर खो खो हसली. किती वर्षांनी ते हसणं ऐकलं त्या खोलीनं!

खरा घोळ ठिगळाचा झाला. गेममध्ये गुब्बू उजवीकडे चालत असला की आपल्या बाजूच्या कानाला ठिगळ दिसतं. तो मागे वळला की कॉम्प्युटर तेच चित्र उलटं करून दाखवतो, म्हणजे दुसरा कान आपल्या बाजूला येतो आणि ठिगळ त्याच्यावर! दोन वर्षं हा प्राणी रोज डोळ्यांसमोर नाचवला, पण हे त्या दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं. भागीदार म्हणे डावा कान, बिट्टी म्हणे उजवा. तीन दिवस त्यांचं वाजलं. बिट्टी रोज आईला फोन करून रडगाणं गायची. तो ऐकतच नाही, मी काढलेला प्राणी मलाच शिकवतो. जाऊबाई फोन मशीनला टेकवून ठेवायच्या, ती तिकडून बोलायची, ह्या शिवत ऐकायच्या. शेवटी डावा कान ठरला.

मी तुकडे कापून दिले, ठिगळ डाव्या कानावर टाचणीनं लावून दिलं. नमुना कुरिअरनं गेला. चार दिवसांनी बिट्टीचा फोन. "आई, ठिगळ उजव्या कानाला आलंय गं."

जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाई, चुकलंच की." मग अर्धा तास गप्पा.

पुढच्या नमुन्यात शेपूट खाली सरकली. त्याच्या पुढच्यात एक पाय आखूड. मी काही आंधळी नाही. पाचव्या नमुन्यातही पाय आखूड होताना दिसला, तशी मी मशीनचा दिवा बंद केला आणि समोर उभी राहिले. "जाऊबाई, मी पाय सारखे कापून दिले होते. काय चाललंय हे?"

त्या धागे निवडायला लागल्या. मग म्हणाल्या, "बरोबर झालं की फोन थांबेल."

"अहो, पण ते काम आहे तिचं!"

"काम आहे म्हणून तर बोलते माझ्याशी. मला तिची फार आठवण येते गं. रोज येते. एवढा नमुना होऊ दे, पुढचा नीट करते."

मला दोन पोरं आहेत, दोघंही ह्याच गावात, दोघंही डोकं खातात. मी दिवा लावून दिला. तिथे माझंही चुकलं.

सहावा नमुनाही चुकीचाच गेला आणि आठवडाभर काहीच आलं नाही. मग बिट्टीचा फोन आला, अगदी हळू आवाजात. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, भागीदारानं काम एका कारखान्याला देऊन टाकलं होतं. "आई, डोळ्यांना त्रास होतोय का तुला? सांगायचं ना गं. मी शनिवारी येते. डॉक्टरांना दाखवू."

जाऊबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. काम गेल्याचं दुःख करावं की लेक येतेय म्हणून नाचावं, हेच त्यांना कळेना. मी म्हटलं, खरं सांगून टाका. त्या म्हणाल्या, "आल्यावर सांगते. आधी येऊ तर दे."

शनिवारी आम्ही तिघी डोळ्यांच्या दवाखान्यात. बिट्टी बारीक झाली होती, आईचा हात धरूनच बसली होती. डॉक्टरांनी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. जाऊबाई पहिल्या ओळीला अडखळल्या. दुसऱ्या ओळीला थांबल्या. बिट्टीनं तोंडावर हात ठेवला, तिचे डोळे भरून आले. ते बघितलं आणि जाऊबाईंनी पुढच्या सगळ्या ओळी घडाघडा वाचून काढल्या. अगदी तळाच्या मुंगीएवढ्या ओळीसकट.

डॉक्टर म्हणाले, "तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

बाहेर व्हरांड्यात बिट्टीनं विचारलं, "मग सहा वेळा?"

"तू फोन करायचीस ना," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणून."

मला वाटलं, पोरगी आता गळ्यात पडेल. कसलं काय! ती भडकली. "मी भांडले त्याच्याशी तुझ्यासाठी! प्रत्येक वेळी म्हटलं, माझ्या आईचा हात चुकत नाही, मीच नीट सांगितलं नसेल. त्यानं मला काय काय ऐकवलं माहितीये? आठवण येत होती तर तसं म्हणायचं ना, आई!"

"म्हटलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

कामात आहे, नंतर करते. बिट्टीला स्वतःचेच ते शब्द ऐकू आले असणार, कारण ती मटकन बाकावर बसली. जाऊबाई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. तुझं काम मी बिघडवायला नको होतं." दोघी रडल्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं तिथून सटकले, मलाही काही कमी रडू आलं नव्हतं.

रविवारी ती परत गेली. भागीदाराशी अजून नीट बोलणं नाही म्हणाली, बघू.

त्यानंतर आठ दिवस फोन नाही. जाऊबाईंनी माझे तीन तुकडे परत आणून ठेवले, त्यात माझी काहीही चूक नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. "काही काम होतं का गं?" जाऊबाई घाबरूनच विचारत होत्या.

"नाही. असाच केला."

झालं. पुढे काय बोलायचं, दोघींनाही सुचेना. नमुना नाही, कान नाही, शेपूट नाही. मी कात्री ठेवून खुणा करत होते, अहो, जेवलीस का विचारा, काहीतरी विचारा! जाऊबाईंनी मला हातानंच गप्प केलं. फोन मशीनला टेकवला आणि अर्धवट राहिलेला अभ्रा पुढे ओढला. पलीकडून कीबोर्ड बडवल्याचा आवाज यायला लागला. ती तिकडे तिचं काम करत होती, ह्या इकडे आपलं. कुणीच ठेवते म्हणेना.

असा अर्धाएक तास गेला असेल. मशीन थांबलं. पलीकडचा आवाजही थांबला.

"आई? का थांबलीस?"

"बॉबीनचा दोरा संपला."

"भर मग," बिट्टी म्हणाली. "मी आहे."