जिजींनी बदललेलं बेसिन

तुंबलेल्या बेसिनात तळहात दाबून जिजी पाण्याशी बोलायच्या. "जाय वं माय, जाय. कोनी वाट दखस?" म्हणजे, कोणाची वाट बघतेस? पाणी गुरगुरत थोडं खाली जायचं, पुन्हा वर यायचं. लोणखेड्याला आले त्या पहिल्या सकाळी मी त्यांना असंच पाहिलं. त्यांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतलेली, पिशवी घेऊन दारात उभी. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "खोली मांगे शे. पहिले च्या पी."

मी लातूरकडची. सातवीत शाळा सुटली. पुढे कॉलेजच्या मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं, म्हणून इतक्या लांब आले. इथली अहिराणी कळायची नाही आणि मला सगळ्याचीच धास्ती. काम सुटलं तर? खोली सोडायला सांगितली तर? जिजी म्हणायच्या, "कोन खाई ऱ्हायनं तुले?" आणि भाजीची वाटी माझ्या खिडकीत ठेवायच्या. "उरनी व्हती." उरलेली भाजी इतकी गरम कशी, हे मी कधी विचारलं नाही.

मग जिजींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरीच न्या म्हटलं. त्यांची भांडी मी घासू लागले, पाटावर उभी राहून. जिजी उंच, बेसिन त्यांच्या मापाचं. माझी उंची शाळा सुटली तिथेच थांबलेली.

एके दुपारी खाटेवरून म्हणाल्या, "बेसिन बदलनं शे." मी म्हटलं, आता कशाला, जिजी? तर म्हणाल्या, "मी गऊ का दारवर बाया येतीन. भांडास्ना ढीग पडी. पानी तुंबनं का म्हनतीन, जिजीनी मोरी बी धड ठेवी नही."

इकडे कोणी गेलं की भेटायला येणं म्हणजे दारवर येणं. जिजींना मरणाची नाही, त्या बायकांच्या बोलण्याची काळजी होती. मला रडू आलं, त्या माझ्याकडे रागाने बघत होत्या.

प्लंबर रोज उद्या यायचा. मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, तू हात लावू नकोस, मी आलो की करू." "हां बेटा," म्हणून जिजींनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पाना दे."

शहाद्याहून स्टीलचं बेसिन मी रिक्षात मांडीवर घेऊन आणलं. शेजारून भोकं पाडायचं मशीन मागितलं. जुनं चिनी मातीचं बेसिन दोघींनी मिळून उतरवलं. खरं तर मीच उतरवलं, जिजी खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. भिंतीत ब्रॅकेटची भोकं पाडायची वेळ आली तेव्हा भिंतीला धरत उठल्या.

"इठे उभी ऱ्हाय. भांडं घासस तसा हात धर."

मी धरला. त्यांनी डब्यातल्या हळदीत बोट बुडवून माझ्या कोपराखाली भिंतीवर खूण केली.

"जिजी, हे फार खाली होतंय. तुम्हाला वाकावं लागेल."

"मी कितला दिन उभी ऱ्हासू इठे? घासाले तूच शे."

पाणी सोडलं तर सगळं आमच्या पायांवर. पाईपच्या जोडात वायसर बसवायचाच राहिला होता. मी फरशीवर, ओट्याखाली, पिशवीत शोधला. जिजी पदराचं टोक चाचपू लागल्या. गाठ सोडली, तर वायसर त्यात. हरवू नये म्हणून त्यांनीच बांधून ठेवलेला. "आपन दोन्ही येड्या शेतस," म्हणाल्या आणि पोट दाबून हसल्या. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

मग पाणी सरळ गेलं. जिजी बेसिनच्या भोकाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. या वेळी पाण्याला काही सांगावं लागलं नाही.

त्या गेल्यावर घर बायकांनी भरलं. मी मेसमधून सुट्टी घेतली. घराचं काय करायचं ते मुलगा नंतर ठरवणार होता. त्यामुळे माझ्या खोलीचं काय, हे मी कोणाला विचारलं नाही. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी भांड्यांचा ढीग ओट्यापर्यंत आला. पाणी कुठेच अडलं नाही. पाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

जिजींच्या नणंदबाई, त्याही तशाच उंच, थोडी भांडी घासून कमरेवर हात ठेवत म्हणाल्या, "इतलं खाले कोन बसाडं हाई? कंबर मोडनी मन्ही."

"द्या, मी घासते," मी म्हटलं.

त्या बाजूला झाल्या. मी पुढे झाले आणि सवयीने पायाने पाट चाचपला. पाट तिथे नव्हता. मी तशीच ताठ उभी राहिले आणि नळ सोडला.