पानावरचे बबनराव

चिखलीत रहिमानचा हात लागला की बंद कॉम्प्रेसर सुरू होतोच, असं लोक म्हणत. खरं तर हात लावण्याआधी तो दुरुस्तीच्या दुकानातल्या जुनाट कॉम्प्युटरवर त्या मशीनचा नकाशा, म्हणजे आतल्या जोडणीचं चित्र, शोधून काढायचा. उपयोगी पान सापडलं की बुकमार्क करायचा आणि त्याला नाव द्यायचा गिऱ्हाइकाचं. बबनराव, रणजीत, दापोडीच्या अंजलीताई. मशीन कुठल्या कंपनीचं हे त्याला कधी आठवलं नाही, आणि कुणाचं हे तो कधी विसरला नाही.

कॉम्प्युटर आचके द्यायला लागला, तेव्हा त्याची मुलगी आरफा पुढे सरसावली. ती निगडीच्या एका ऑफिसात वेबसाइट बनवते. तिने सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये उतरवून घेतले आणि अख्खा रविवार खर्ची घालून त्यांचं देखणं वेबपान केलं. मोबाइलवर बोट ठेवलं की नकाशा हजर. अब्बांनी घाईत भलतीच नावं टाकलीत असं समजून तिने ती पुसली आणि सगळं कंपनीप्रमाणे, मॉडेलप्रमाणे ओळीने लावलं. पोरगी हुशार, पण विचारायचं तेवढं राहिलं.

रहिमानने पान पाहिलं आणि तो पार गांगरला. सगळं होतं, पण ओळखीचं काहीच नव्हतं. आपल्याच स्वयंपाकघरातले डबे कुणी हलवून ठेवावेत, तसं झालं. आपलं डोकं तर कामातून गेलं नाही ना, अशी त्याला शंका आली. पण आरफाचा उजळलेला चेहरा बघून त्याने झकास म्हटलं, आणि तिथून चोरी सुरू झाली. ती समोर असली की मोबाइलवर बोट फिरवायचं, तिची पाठ वळली की जुन्या कॉम्प्युटरच्या विनवण्या करायच्या.

एका सकाळी कॉम्प्युटरने मान टाकली. नेमका बबनरावांचा कॉम्प्रेसर उघडलेला, त्यावरची कंपनीची पाटी कधीच झिजून गेलेली, त्यांचं वर्कशॉप ठप्प, आणि स्वतः बबनराव स्टुलावर वाट बघत बसलेले. रहिमान पान वर-खाली करत राहिला. माणूस समोर बसलाय आणि पानावर कुठेच नाही, याचा त्याला मेळ लागेना. शेवटी लाज गिळून त्याने सुट्टीवर घरी असलेल्या आरफाला बोलावलं.

"पोरी, पान लई चांगलं झालंय. पण यात माझी माणसं कुठं गेली?"

आधी तिला काही कळेना. मग कळलं आणि ती ओशाळली. जुनी फाइल लॅपटॉपवर होतीच. तिने एकेक नाव परत बसवलं. बबनराव सापडले, नकाशा उघडला, आणि दुपारी ते कॉम्प्रेसर घेऊन गेलेसुद्धा.

नावं बसवताना तिला फाइलमध्ये स्वतःचंच नाव दिसलं. वेबपान करताना बंद पडलेली पानं तिने सरसकट वगळली होती, त्यात हे गेलेलं. दाबून पाहिलं तर आताही काही उघडलं नाही. हे कसलं, असं तिने विचारलं.

"तुझ्या बारावीच्या निकालाचं."

"ते पान आता बंद झालंय, अब्बा. काढून टाकू?"

रहिमान पुन्हा गोंधळला. यात काढण्यासारखं काय आहे, हेच त्याला समजेना.

"मी कुठं उघडतो ते? रोज दुकान उघडलं की नाव दिसायचं, तेवढंच. राहू दे तिथंच, बबनरावांच्या वर."