ताईच्या अंगात देवी नव्हती

माझ्या ताईला लोकांनी पाया पडून पडून मारलं.

आज अष्टमी. वर्ष झालं. गोड आठवणी दुसरं कोणीतरी लिहील, मी रागातच लिहिणार आहे.

मंदाताई, माझी सख्खी मोठी बहीण. रायपूरला पंडरीत राहायची. थायरॉईडचं ऑपरेशन झालं, त्यात कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारक्या ग्रंथीही गेल्या. तेव्हापासून रोजच्या गोळ्या.

नवरात्राचे उपास धरले आणि गोळ्याही सोडल्या. उपासाला औषध चालत नाही, हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे.

अष्टमीला जवाऱ्यापुढे, म्हणजे घटात उगवलेल्या गव्हाच्या रोपांपुढे, देवीची गाणी चालू होती. ताईच्या ओठांना मुंग्या आल्या. मग हात मनगटात वळला, बोटं ताठ होऊन जुळली.

शेजारची दीदी म्हणाली, "देवी चढ़ गे हे." अंगात देवी आली म्हणे.

झालं. धूप, लिंबू, गळ्यात हार.

मी नागपूरला बारावीला बायॉलॉजी शिकवते. कॅल्शियम म्हणजे फक्त हाडं नव्हे, हे दरवर्षी घसा फोडून सांगते. पेशीला तो सिग्नल असतो. त्यावर स्नायू आवळतो, हृदय ठोका देतं. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं की नसा उगाच चेततात. हात वळतो. गळाही आवळतो. वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं की माणूस उठून बसतो.

भाऊजींचा फोन आला, तोही कौतुकाने.

"हिचा हात आशीर्वाद देल्यावानी झाला. लोकं पाया पडून राहिले."

"भाऊजी, तिचं कॅल्शियम उतरलंय. आत्ता दवाखान्यात न्या."

"नेतो न. आरती तं होऊ दे."

मागून ताईचा आवाज येत होता. "मले न्या न कोणी. गळा आवळून राहिला."

आणि एक बाई तिलाच देवी समजून मुलीच्या लग्नाचं विचारत होती, "दाई, मोर बेटी के बिहाव कब होही?"

रायपूर राजधानी झालं, ताईच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, तोंडाशी मोठा दवाखाना झाला. ताईला तिथे नेलं आरती संपल्यावर. इंजेक्शन तयार होतं. ताई संपली होती.

वर लोक म्हणतात, पुण्यवान बाई, देवीने नेलं. दवाखान्यात कोणी नेलं नाही, हे कोणी म्हणत नाही.

सकाळी भाऊजींनी फोटो पाठवला. ताईच्या तसबिरीला हार घातलाय.

हार तर तुम्ही तिला जिवंतपणीच घातला होता.

ताई, तू सांगत होतीस. मला ऐकू आलं होतं.

येते गं.