दुर्लक्ष झाल्याचा पुरावा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते बाईंचे. न्हावा शेव्याजवळच्या ज्या प्रयोगशाळेत मी आजही नोकरी करतो, तिथलं मास स्पेक्ट्रोमीटर त्या सांभाळत आणि नव्या माणसांना शिकवत. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी तळा गावच्या मराठी शाळेतून आलेला. शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात, एवढंच मला ठाऊक. पहिल्याच दिवशी तोंडातून 'बाई' निघालं आणि सगळी खोली हसली. त्या म्हणाल्या, "हसता काय? मला आवडलं."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाहेरचे तपासणीस आले की माझी इंग्रजी घशात अडकायची. सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला काढायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, "त्याला मराठीत विचारा. इंग्रजीचं मी बघते." पुढच्या तपासणीला मी मराठीत सांगत गेलो, त्या इंग्रजीत सांगत गेल्या, आणि माझी नोकरी राहिली.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंचं वजन करतं. रेणू मोडून त्याच्या तुकड्यांचंही करतं. त्यावरून नमुन्यात काय आहे ते ओळखायचं. एके काळी आमच्याकडे निर्यातीच्या कोळंबीत बंदी असलेल्या औषधाची खूण वरचेवर सापडू लागली. कोळंबी पाळणारे गयावया करत, आम्ही औषध घातलंच नाही म्हणत. सर म्हणत, "चोर कधी कबूल करतो का?" बाईंनी कोळंबी सोलली. साल वेगळी तपासली, मांस वेगळं. खूण सालीत होती, मांसात नव्हती. आम्ही ज्याला औषधाची खूण समजत होतो, तो पदार्थ सालीत मुळातच असतो. तेव्हापासून आमच्याकडे आधी सोलायचं, मग तपासायचं.

परिषदेत हे सांगायला सर गेले. पडद्यावर आलेख बाईंचे, नाव सरांचं. शेवटी 'सहकाऱ्यांचे आभार'. बाई निवृत्त होऊन पालीला भावाकडे राहायला गेल्या, तेव्हा सरांनी त्यांना शाल दिली आणि भाषणात त्यांचं आडनाव चुकवलं.

गेल्या वर्षी एका संघटनेनं मास स्पेक्ट्रोमेट्रीतल्या दुर्लक्षित शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार जाहीर केला. गुळगुळीत कागदाचं पत्रक आलं. त्यात निवड समितीचे मोठे मोठे फोटो होते. यांच्याकडे कोणी कधी दुर्लक्ष करू शकेल, असं एकाच्याही चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. तरी मी भाबडेपणानं आनंदलो. बाईंना फोन केला. वाटलं, त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाठव की अर्ज. मला हवाय. इथे भावाला वाटतं, मी तिकडे बाटल्या विसळायचे."

अर्जावर संस्थेच्या प्रमुखांची शिफारस हवी होती. मी सरांकडे गेलो.

"दुर्लक्षित?" सरांनी चष्मा वर केला. "कोणी केलं दुर्लक्ष?"

"सर, संस्थेनं."

"म्हणजे मीच ना? मग सही करून स्वतःच्याच तोंडाला काळं फासून घेऊ? 'संस्थेच्या मार्गदर्शनाखाली मोलाचे सहकार्य' असं लिही, आत्ता सही करतो."

"मग त्या दुर्लक्षित राहत नाहीत, सर."

"नाहीतच त्या! शाल दिली होती की."

या माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली. त्या दिवसापर्यंत मला त्याची भीती वाटायची. ती त्या खोलीतच संपली, आणि तिच्या जागी जे आलं त्याला किळस म्हणावं लागेल. मी शिफारशीच्या जागी लिहिलं, 'दुर्लक्ष झाल्याचे मान्य करावे लागेल म्हणून प्रमुखांनी सही नाकारली.' याहून चांगला पुरावा कुठला, असं मला वाटलं. अर्ज पाठवून दिला.

समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. आवाज अगदी गोड.

"अहो, अर्ज अपुरा आहे. बाईंचे प्रसिद्ध झालेले शोधनिबंध किती?"

"त्यांचं नाव निबंधांवर घातलं नाही, म्हणून तर..."

"नाव नाही, मग काम त्यांचं कशावरून?"

"यंत्रावर त्याच होत्या. मी शेजारी होतो."

"तुमचं पद काय?"

मी पद सांगितलं. ते थोडंसं हसले. मग म्हणाले, "असं करा, सरांचं नाव मार्गदर्शक म्हणून घाला. दोघांना जोडीनं देऊ. समितीत सगळे त्यांना ओळखतात. मामला सोपा होईल."

म्हणजे ज्याला सगळे ओळखतात, त्याच्या बोटाला धरून आलं तरच दुर्लक्षित माणसाला दारात उभं करणार. मी विचारून सांगतो म्हणालो आणि पालीला फोन लावला.

"जोडीनं?" बाई म्हणाल्या. "त्याच्याशेजारी पाटावर बसू का सत्यनारायणाला?" मग म्हणाल्या, "पण मला हवा होता रे. भाऊ, वहिनी, सगळे आले असते बघायला."

"मग घालू का सरांचं नाव?"

"मला विचारू नकोस. मी हो म्हणून बसेन. तू शेजारी होतास, तू ठरव. आणि पत्रानं कळव. फोनवर तू फार गोड बोलतोस."

मी ठरवलं, आणि त्यांना हे पत्र पाठवलं:

'आदरणीय बाई,

नमस्कार. गोड न करता लिहितो.

अर्ज मी मागे घेतला. सरांचं नाव घातलं असतं तर पुरस्कार मिळाला असता. व्यासपीठावर ते बोलले असते, तुम्ही हात जोडून उभ्या राहिला असता, आणि सोलून तपासायचं सरांनीच सुचवलं, हे तुमच्याच साक्षीनं कायमचं ठरलं असतं. आज ते नुसतं खोटं आहे. तुमच्या उपस्थितीनं ते खरं झालं असतं. तुम्हाला हवं असलेलं मी तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही, हे मला कळतं. तुम्ही रागावलात तर ते बरोबरच आहे.

सरांनी आता स्वतःचाच अर्ज भरला आहे. दुर्लक्षित म्हणून. त्यांना तो खुशाल मिळो. त्या मांडवात तुम्ही नाही, एवढं मला पुरे.

पुढच्या रविवारी मी पालीला येतो. तुमच्या भावाला आणि वहिनींना घरी थांबायला सांगा. तुम्ही काय करत होता ते मी त्यांना सांगणार आहे, मराठीत, सगळं. कुठे चुकलो तर मध्येच टोका.

तुमचा विद्यार्थी'