चारानंतर म्हटलेला एक

मनोहर गेल्याचं त्याच्या धाकट्या भावानं घरी येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, “सुटला गा बापा!” बायको माझ्याकडे बघतच राहिली. भावाला मात्र कळलं. मनोहर पंच म्हणून शेवटचा रिंगणात उतरला त्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या लढतीतून तो बाहेर आलाच नव्हता.

गोळीबार चौकातल्या विणकराच्या घरातला हा माणूस. घरचा माग बंद पडला तसा गिरणीत लागला, आणि संध्याकाळी बॉक्सिंगचा पंच. मी टाइमकीपर, रिंगणाला लागून टेबल, हातात लाकडी हातोडी. खेळाडू पडला की दर सेकंदाला टेबलावर ठोका द्यायचा. पंचानं आधी उभ्या खेळाडूला लांबच्या कोपऱ्यात धाडायचं, मग वळून माझ्या ठोक्याचा आकडा उचलायचा. माझे चार झाले असतील तर त्यानं ‘पाच’ म्हणायचं; दहा झाले की लढत खलास. “तू ठोक, बोलायचं मी पाहतो,” म्हणायचा. तोरा होता त्याला, आणि शोभायचाही.

त्या दिवशी पडला तो दिलीप, सावनेरच्या खाणमजुराचा पोरगा. समोरचा आमच्या नागपूरचाच. खुशीत नाचत होता, कोपऱ्यात काही जाईना. मनोहरनं त्याला अक्षरशः ढकलत नेलं. लोकांचा नुसता गलका. तो वळला तेव्हा माझा चौथा ठोका पडला होता... आणि त्यानं बोट वर करून म्हटलं, “एक!” मी ओरडलो, टेबल बडवलं. ऐकतो कोण! रिंगणात पंचाचाच आकडा चालतो. त्याच्या ‘आठ’ला पोरगा उठला. माझ्या ठोक्यांनी तो केव्हाच हरला होता. मनोहरनं त्याचे ग्लोव्ह्ज पुसले, डोळ्यांत पाहिलं, लढत सुरू केली. पुढच्याच ठोशाला पोरगा पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला.

आयोजकांनी हात झटकले. आठला उठला, नियमानं झालं, आता गप्प बसा, म्हणे. असा संताप आला होता मला! मनोहरनं विचारलं, “पोरगा उठला तेव्हा तुझे ठोके किती झाले होते गा?” खोटं बोलावंसं फार वाटलं. “बारा,” म्हणालो. तो तसाच एसटीनं सावनेरला निघाला. मीही सोबत गेलो. पोराच्या बापाला त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता अंगावर येतो. तो खाली बघत म्हणाला, “मी होतो ना तिथं. ऊठ रे, ऊठ रे, म्हून ओरडून राहिलो होतो... तुम्ही वेळ देऊन राहिले, म्हून मले बरं वाटलं होतं, साहेब.”

मनोहर पुन्हा रिंगणात उतरला नाही. सावनेरला मात्र दर रविवारी जायचा. काय बोलता रे तिथं, असं विचारलं की म्हणायचा, “काही नाही. बसतो.” मी चिडायचो. किती दिवस स्वतःले जाळशील, म्हणून भांडायचो. तो ऐकून घ्यायचा आणि रविवारी पुन्हा एसटी स्टँड गाठायचा.

मनोहरची बातमी द्यायला सावनेरला मीच गेलो. रविवार होता, अंगणात दोन खुर्च्या मांडलेल्या.

“साहेब काहून नाही आले?” पोराच्या म्हाताऱ्या बापानं विचारलं.

मी सांगितलं. तो रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाला, “तुम्हीबी होते ना तिथं? मंग बसा.”

मी बसलो.