बसायला चटई लागते

तुम्हाला वाटेल, जिथं माणसं शेवटचे दिवस काढायला येतात त्या घरात किस्से कसले? अहो, उलट आहे! मोठ्या हॉस्पिटलात माणसं रिपोर्टबद्दल बोलतात. आमच्याकडे रिपोर्ट संपलेले असतात, मग माणसं खरं बोलायला लागतात. जाताना प्रत्येक जण एखादी गोष्ट मागे ठेवून जातो आणि ती सांभाळायचं काम आमच्या गळ्यात पडतं.

मी इथली नर्स, साळवेबाई. राहायला तुर्भ्याला, नोकरी बेलापूरला, दिवाळे गावाच्या अलीकडे. कॅन्सरच्या ज्या पेशंटना डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलंय आणि ज्यांची घरी सोय होत नाही, ते इथं येतात. घर चालवायच्या दोन कॅथलिक सिस्टर. मोठ्या सिस्टर लुसी, मूळच्या वसईच्या, आणि धाकटी जसिंता, झारखंडची. लुसींच्या नंतर घर जसिंतानं सांभाळायचं, नाहीतर ते बंद करायचं, असं त्यांच्या वरच्या लोकांनी ठरवलेलं. अडचण एकच होती. जसिंताला मरण बघवत नसे. कुणाचा श्वास अडकायला लागला की ती जी सटकायची ती थेट स्वयंपाकघरात, आणि समोर दिसेल ती भाजी चिरत बसायची. परातभर कांदा चिरलेला दिसला की मी समजायचे, कुणीतरी गेलं.

*

पहिल्याच आठवड्यात लुसींनी मला झापलं. साताऱ्याकडचे एक गुरुजी होते, त्यांना मी म्हटलं होतं, काळजी करू नका, सगळं ठीक होईल. लुसींनी मला बाहेर बोलावून सांगितलं, इथं ते वाक्य चालत नाही. मग काय बोलायचं? तर म्हणाल्या, चहा विचार. मला असला राग आला! नर्सिंगचं शिक्षण काय चहा विचारायला घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्यांनाच गाठलं. “सिस्टर, मी बरा होईन ना?”

मी कान टवकारले.

“नाही वाटत, गुरुजी,” लुसी म्हणाल्या. “पण मी इथंच आहे.”

गुरुजी सुस्कारा सोडून म्हणाले, चला, एकदाचं कुणीतरी खरं बोललं, आता चहा आणा. तो चहा मीच केला.

*

आमच्या समोर एक सोसायटी आहे. तिच्या सगळ्या बाल्कन्या आमच्या गेटवर. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नव्हता, बिचारा खुर्चीच्या टोकावर बसला होता. मुलं बघतात, म्हाताऱ्यांना टेन्शन येतं, तर शववाहिनी मागच्या गल्लीतून नेता येईल का, असं त्यांचं म्हणणं. मागच्या गल्लीत कचऱ्याचे डबे असतात. माझ्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर तयार होतं.

लुसींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते आले होते पुढच्या दारानं. जातीलही पुढच्याच.”

सेक्रेटरी उठून गेले. तेव्हापासून शववाहिनी आली की ते स्वतः खाली उतरतात आणि गेटसमोरच्या गाड्या बाजूला काढायला लावतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावरून अजून वाद होतात म्हणे.

*

माझी आई गेली. रजा संपवून मी कामावर आले, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. जसिंतावर उगाच खेकसायचे. लुसींनी सांगितलं, दुपारी चॅपलमध्ये येऊन बसत जा. मी फटकन म्हटलं, सिस्टर, आम्ही बौद्ध, आम्ही देव मानत नाही. मला वाटलं, आता ह्यांना राग येणार.

“बसायला देव लागत नाही,” लुसी म्हणाल्या. “चटई लागते.”

आणि खरंच कोपऱ्यात माझ्यासाठी चटई घातली. त्या पुढे माळ जपायच्या, मी मागे मनातल्या मनात त्रिसरण म्हणायचे, आई म्हणायची त्याच चालीत. सुरुवातीला मी नुसती रडायचे. त्या एकदाही मागे वळून बघायच्या नाहीत, हे मला फार आवडलं. शांती मिळाली का, ते मला विचारू नका. झोप लागायला लागली, एवढं सांगते.

*

लॉकडाऊनमध्ये दिवाळे गावच्या आनंदीबाई आमच्याकडे होत्या. जन्मभर मासळी विकलेली बाई, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. घरच्यांना आत यायला बंदी. तरी दोन्ही सुना रोज गेटवर यायच्या. लुसींनी आनंदीबाईंची खाट व्हरांड्यात ओढायला लावली.

“आये, जेवलीस का गो?” गेटवरून हाक यायची.

“जेवले गो. पन मावरा नाय!” इकडून मासळी नसल्याची तक्रार जायची.

मग कुणाची होडी गेली, कुणाचं लग्न अडलं, सगळं गाव त्या गेटवर उलगडायचं. नेमकी ती सिस्टरांची मौनाची वेळ. जसिंता धावत आली, सिस्टर, सायलेन्स मोडतोय. लुसी म्हणाल्या, देवाला रोज शांतताच मिळते, आज त्याला जरा दिवाळ्याच्या बातम्या ऐकू दे.

आनंदीबाई गेल्या त्या दिवशी थोरली सून गेटचे गज धरून उभी होती. तिनं एकच विचारलं, “आयेजवल कोन व्हता?”

“मी होते,” लुसी म्हणाल्या.

जसिंता मागे उभी होती, हातात सुरी तशीच. तिनं ते ऐकलं. त्या दिवशी मला म्हणाली, “बाई, मेरेको शाळेत बदली मांगायची हाय. इथं सगळे आमच्याकडे शांती मागायला येतात. मेरे पासच नाही, तर मी काय वाटू?”

तिचं बोलणं मी लुसींच्या कानावर घातलं. त्या नुसत्या हं म्हणाल्या.

*

मग लुसींनाच कॅन्सर झाला. स्वादुपिंडाचा. कोपऱ्यातली खाट त्यांना दिली.

लोकांना वाटलं, आता संतांचं मरण कसं असतं ते बघायला मिळणार. कसलं काय! त्यांनी पेजेची वाटी ढकलून दिली, माझ्यावर डाफरल्या, चॅपलमध्ये नेऊ नका म्हणाल्या. प्रार्थनाच येत नाही, असं एकदा मला सरळ सांगितलं. ह्या बाईला आधार नाही, तर मग आम्ही कुणाकडे बघायचं?

एक फादर भेटायला आले. खाटेशी उभे राहून गहिवरले. “सिस्टर, केवढी शांती आहे तुमच्या चेहऱ्यावर!”

“मॉर्फिन आहे, फादर,” लुसी म्हणाल्या.

*

जसिंतानं बदलीचं वर कळवलं होतं. उत्तर यायचं होतं.

एका दुपारी लुसींचा श्वास जड झाला. मी ऑक्सिजन लावला, उशी उंच केली. त्यापुढं करण्यासारखं फारसं नव्हतं. जसिंता लिंबूपाणी घेऊन दारात आली आणि तिथंच थिजली. मला वाटलं, आता ही पळणार.

लुसींनी तिच्याकडे बघितलं. “जसिंता, मला भीती वाटते गं.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जसिंताचा चेहरा पांढरा पडला. तिचं एक पाऊल अजून पॅसेजमध्येच होतं.

“मला पण,” ती म्हणाली. “खूप.”

लुसी कण्हत कण्हत भिंतीकडे सरकल्या आणि खाटेवर वीतभर जागा केली.

“मग ये इकडे.”

जसिंतानं ग्लास खाली ठेवला, चपला काढल्या, आणि अंगातल्या झग्यासकट त्या अरुंद खाटेवर त्यांच्या कुशीत जाऊन पडली. प्रार्थनेची घंटा झाली, ती उठली नाही. मध्येच लुसी पुटपुटल्या, पाय केवढे गार आहेत गं तुझे, आणि त्यांनी ते आपल्या पांघरुणात ओढून घेतले.

दिवेलागणीला लुसी गेल्या. मी नाडी बघितली, परत बघितली, मग जसिंताला सांगितलं. ती हलली नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला, म्हटलं, ऊठ पोरी, आता पुढचं बघायला हवं.

“थांबा ना, बाई,” ती म्हणाली. “पाय आत्ता कुठं गरम झालेत.”