काशीत मी काय सोडलं

काशीला दशाश्वमेध घाटावर, ओल्या साडीनिशी कुडकुडत उभी राहून, मी एक विनोद केला. सगळे हसले. आणि दीड तासात माझी सासू हरवली.

पन्नाशीला टेकले होते तेव्हा. म्हणजे अक्कल यायचं वय येऊन गेलं होतं, अक्कल तेवढी यायची राहिली होती. नातीला ही गोष्ट सांगताना मी विनोदाचा भाग गाळते. इथे गाळत नाही.

नाशिक रोडहून आम्ही चौघं गाडीत बसलो: मी, माझे मिस्टर, धाकटी नणंद आणि सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं. सासरच्या मळ्यात जन्मभर झेंडू आणि शेवंती पिकवली, पहाटे तोडली, रामकुंडाच्या वाटेवर बसून विकली. वाचता येत नाही, हिंदी येत नाही. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर चार दिवस राहायला आल्या की पाचव्या दिवशी मळ्याची ओढ. माझं नि त्यांचं भांडण असं नव्हतं. पण मी मीठ घातलं की त्या चाखून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते न बोलणं मला पंचवीस वर्षं ऐकू येत होतं.

प्रयागला वेणीदान उरकलं होतं. भर नावेत मिस्टरांनी माझ्या वेणीचं टोक कात्रीनं कापलं, आणि मला वाटायला लागलं की पुण्य बक्कळ साठलंय, आता थोडं तोंड चालवायला हरकत नाही.

काशीला स्नान झाल्यावर आमचे तिथले गुरुजी म्हणाले, "आता प्रत्येकानं आवडीचं एक काहीतरी सोडा. घरी गेल्यावर पुन्हा खायचं नाही."

मिस्टरांनी कारलं सोडलं. कारल्याला त्यांनी आयुष्यात बोट लावलेलं नव्हतं. नणंदेनं दुधी सोडला. गुरुजींना सवय असावी, त्यांनी नुसती मान हलवली.

आत्याबाई म्हणाल्या, "पेरू."

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत राहिलो. मळ्यातल्या घरामागे त्यांनी हातानं लावलेलं पेरूचं झाड होतं. त्याच्यासाठी त्या पोपटांशी भांडायच्या, नातवंडांशीसुद्धा.

"अगं आई, पेरू कशाला?" नणंद म्हणाली. "कारलं म्हण की!"

"देवाला काय येडं समजायचं का?"

मग माझी पाळी. "गुरुजी," मी म्हणाले, "मी ना, आमच्या सासूबाईंनाच सोडते!"

मिस्टर हसले, नणंद हसली, गुरुजीही हसले. आत्याबाई पाठमोऱ्या होत्या, लुगड्याचा सोगा पिळत होत्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. खरं सांगायचं तर मी बघितलाच नाही.

विश्वनाथाच्या देवळात मोबाईल चालत नाही म्हणून एका प्रसादाच्या दुकानातल्या लॉकरमध्ये सगळ्यांचे फोन ठेवले. आत्याबाईंच्या पिशवीत धर्मशाळेच्या पत्त्याची चिठ्ठी होती. "वजन कशाला वागवता?" म्हणत तीही पिशवी मीच लॉकरमध्ये टाकली. बायकांची रांग वेगळी होती. तपासणीला माझ्या पर्समध्ये पेन निघालं. परत जा, ठेवून या, तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. नणंद आधीच आत गेली होती.

"आत्याबाई, इथंच थांबा. हलू नका," असं सांगून मी पळाले. परत आले तर तिथे आत्याबाई नव्हत्या.

आधी वाटलं, गर्दीच्या लोटानं आत गेल्या असतील. आत गेले. विश्वनाथासमोर उभी राहिले आणि हात जोडायचे सोडून बायकांची तोंडं बघत फिरले. नव्हत्या. बाहेर नणंद आणि मिस्टर भेटले, त्यांच्याबरोबरही नव्हत्या. प्रसादाच्या दुकानापुढे काढलेल्या चपलांच्या ढिगात त्यांची अंगठा तुटलेली, तारेनं बांधलेली चप्पल तशीच पडलेली. म्हणजे बाई अनवाणी.

"वहिनी," नणंदेनं विचारलं, "घाटावर तुम्ही बोललात ते आईनं ऐकलं होतं का?"

"अगं, थट्टा होती ती."

"तुम्हाला थट्टा. तिला?"

मिस्टर दुकानदाराला पोलीस चौकी कुठे ते विचारायला गेले.

पोलिसांच्या चौकीवर एकानं वही उघडली आणि विचारलं, साडी कौन से रंग की? मी तोंड उघडलं. हिरवी? चॉकलेटी? सकाळी त्या लुगडं पिळत होत्या तेव्हा मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभी होते. पंचवीस वर्षं एका घरातलं मीठ खाल्लेलं, आणि मला रंग सांगता येईना. शेवटी नणंद म्हणाली, "जांभळी. बारीक चौकडीची." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नणंद धर्मशाळेकडे गेली, मिस्टर गल्ल्यांत. मी घाटाकडे निघाले. नाशकात आमचं माणूस चुकलं तर ते नदीवर जाऊन बसतं, एवढाच विचार. पण नाशकात नदीवर म्हणजे रामकुंडाच्या आसपास, हाक मारली की ऐकू येतं. इथे घाटापुढे घाट, पायऱ्यांवर पायऱ्या. दिसेल त्या म्हातारीच्या तोंडाकडे मी वाकून बघत होते. दुपारची उन्हं पाण्यावरून डोळ्यात जात होती. पाण्याकडे बघायची मला भीती वाटायला लागली होती. चालता चालता मी विश्वनाथाला सांगितलं, घाटावरचं ते बोलणं धरू नकोस, त्याऐवजी काय हवं ते घे, आंबा घे, चहा घे. चहा माझा जीव आहे.

एका घाटाच्या तोंडाशी फुलवाल्यांची ओळ होती. सगळ्या बायका सुईनं झेंडू ओवत होत्या. त्यात एक पाय मात्र लांब पसरलेला होता, अंगठ्याला दोरा अडकवलेला, टाचेला नाशिकची भेग. सुई नाही. दोन फुलं, एक गाठ, दोन फुलं, एक गाठ. जांभळं लुगडं.

फुलवाली मला म्हणाली, "अम्मा आप की हैं? कब से बैठी हैं. कुछ बोलती नहीं, बस धागा माँग लिया."

मी तिथेच खाली बसले. रडू आलं, तेही अगदी बेढब, नाकातून. "आत्याबाई, का निघून आलात? सकाळचं लागलं का तुम्हाला? माझं चुकलं हो. थट्टा होती ती, मी तुम्हाला खरंच सोडलं नाही."

त्यांनी हातातली गाठ पुरी केली, उरलेला दोरा दातानं तोडला, माळ माझ्या मांडीवर टाकली.

"लोटालोटीत दुसऱ्याच दारानं बाहेर पडले, रस्ता गावंना," त्या म्हणाल्या. "आन् रडू नको गं. काशीत सोडायची ती आवडीची वस्तू असती. मी तुझ्या आवडीची कव्हा झाले?"